फळ्यावरचे देश

माझ्या वहिनीने चार वर्षं घरात गुढी उभारली नाही. तिची समजूत अशी की दादा तिच्यामुळे गेला. तसं नव्हतं, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी गप्प राहिलो. तीन महिन्यांपूर्वी बोललो. ते कसं झालं हे लिहायला आज बसलोय, आणि एवढ्या चार ओळी होईपर्यंत तीनदा उठलोय. एकदा गॅस बंद आहे का बघायला, एकदा उगाच, आणि एकदा खिडकीतून खालचा फळा दिसतो का ते बघायला. तो खिडकीतून दिसत नाही. वीस वर्षं याच घरात राहतोय, मला माहीत असायला हवं.

फळा आमच्या सोसायटीचा. डोंबिवली पूर्वेला आमची चार मजली इमारत आहे. जिन्याखाली पत्रपेट्या आणि त्यांच्या शेजारी भिंतीत बसवलेला काळा फळा. उद्या पाणी उशिरा येईल, गच्चीवर सत्यनारायण आहे, कुणाच्या तरी किल्ल्या सापडल्यात, हे सगळं त्याच्यावर. वरच्या ओळीत रोजचा सुविचार. माझं अक्षर बरं म्हणून बरीच वर्षं फळा माझ्याकडे होता. सकाळी ऑफिसला निघताना खडू हातात घ्यायचा, दोन मिनिटांचं काम.

ऑफिस घोडबंदर रोडला. मी तिथे रिपोर्ट बनवतो. देशभरातल्या शाखांचे आकडे रोज येतात, ते एकाखाली एक लावायचे आणि कोण पुढे, कोण मागे हे साहेबांना एका नजरेत दिसेल असं करायचं. लॉकडाऊनमध्ये तेच घरून करत होतो. मग लसीकरण सुरू झालं आणि जगभरचे आकडे रोज इंटरनेटवर यायला लागले. कुठल्या देशात दर शंभर माणसांमागे किती डोस. मला राहवेना. एका सकाळी सुविचार पुसला आणि त्या जागी पाच देश लिहिले. इस्रायल, ब्रिटन, अमेरिका, चिली, भारत.

लोकांना ते आवडलं, म्हणजे भलतंच आवडलं. घरात कोंडलेली माणसं होती सगळी. दूध आणायला खाली उतरायची आणि मास्क लावून फळ्यासमोर उभी राहायची, टीव्हीच्या दुकानाबाहेर मॅच बघायला थांबल्यासारखी.

"काय आरोग्यमंत्री, इस्रायल किती?"

"पुढेच आहे."

"असणारच हो. एवढासा देश. आपला एक ठाणे जिल्हा घ्या, तेवढी माणसं. त्यात कसलं आलंय कौतुक!"

तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी तर जिन्यात अडवलं. "आमची मुलगी दुबईत आहे. तुम्ही दुबई का नाही लिहीत? आमची राहते म्हणून?" दुसऱ्या दिवशी दुबईवाल्यांचा देश लिहिला. मग कुणाचा जावई जर्मनीत, कुणाचा भाचा कॅनडात. फळा पुरेना. पाण्याची सूचना कोपऱ्यात जाऊन बसली.

एकच अडचण होती. शंभरामागे मोजलं की भारत रोज तळाला. एकूण डोस कितीही टोचून झाले तरी लोकसंख्येने भागलं की आपण खाली. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे. ते एकदा म्हणाले, "रोज सकाळी उठून आपण खालून पहिले. मूड जातो हो. जरा बरं काहीतरी लिहीत चला." चार जण हसले, मीही हसलो. पण वर आल्यावर ते डोक्यात राहिलं. साहेबांनाही एखाद्या शाखेची वाईट बातमी नको असली की मी वेगळा रकाना काढतो, तसा रकाना काढला. त्याला नाव दिलं 'कवच'.

कवच म्हणजे काय, तर लस घेतलेले अधिक आजार होऊन गेलेले. तेव्हा पेपरात सारखं येत होतं की पुष्कळांना नकळत होऊन गेलाय, रक्तात प्रतिकारशक्ती सापडतेय, ठरावीक टक्क्यांच्या वर माणसं सुरक्षित झाली की साथ आपोआप विझते. हर्ड इम्युनिटी हा शब्द आमच्या भाजीवाल्यालाही पाठ झालेला. मी काय केलं, तर कुठल्यातरी दाट वस्तीतल्या रक्ततपासणीचा आकडा उचलला आणि अख्ख्या देशाला चिकटवला. त्यात लसीचा आकडा मिळवला. ज्याला होऊन गेलाय त्यानेच लसही घेतली असेल, तर तो माणूस दोनदा मोजला जातो, हे मला कळत नव्हतं असं नाही. ऑफिसात नवीन पोराने अशी बेरीज आणून दिली असती तर मी कागद परत फेकला असता. पण ते ऑफिस नव्हतं. मी बेरीज लिहिली आणि भारत एका दिवसात तळावरून दुसऱ्या नंबरावर आला.

"म्हणजे आपण अमेरिकेच्या पुढे?" मास्तरांनी विचारलं.

"कवचात, हो."

"बघा! मी म्हणत नव्हतो? आपल्या माणसाच्या अंगातच आहे ते."

त्या दिवशी मला तीन घरांतून चहाला बोलावणं आलं. अंतर ठेवून, दारातच, पण आलं.

आता दादाबद्दल. तो ठाण्याला टेंभी नाक्याजवळ राहायचा, जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. माझ्याहून चौदा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेल्यामुळे माझा बाप तोच. माझा कॉलेजचा फॉर्म त्याने भरला, नोकरीचे अर्ज त्याने लिहिले, डोंबिवलीचं हे घर त्याने पसंत केलं, बायकोसुद्धा आधी त्याने बघितली. चूक नव्हतं त्याचं काहीच. पण चाळिशी उलटली तरी तो मला रस्ता ओलांडताना दंडाला धरायचा. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर त्याला करायला काही उरलं नाही, आणि मग कोरोना आला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने मला काही विचारायला सुरुवात केली.

रोज संध्याकाळी सातला फोन. "काय रे शहाण्या, आज काय म्हणतोय तुझा फळा?"

मी सांगायचो. ब्रिटनने काय केलं, दोन डोसांत अंतर कसं वाढवलं, चिलीत काय चाललंय. तो ऐकून घ्यायचा. मध्येच "बरं, बरं" म्हणायचा. हे "बरं, बरं" आधी कधी ऐकलेलं नव्हतं मी. खरं सांगायचं तर पाच वाजल्यापासून मी त्या फोनची वाट बघत असे. आज काय सांगायचं याची तयारी करत असे.

मार्चपासून साठीच्या वरच्यांना लस मिळायला लागली. दादा तेव्हा त्रेसष्टचा. दुसऱ्याच आठवड्यात त्याने विचारलं, "घेऊन टाकू का?"

मी म्हणालो, "थांब जरा."

का म्हणालो, याची कारणं माझ्याकडे होती. युरोपातल्या काही देशांनी रक्तात गाठी होतात म्हणून एक लस मध्येच थांबवलेली. चिलीने धडाधड टोचूनसुद्धा तिथे केसेस वाढतच होत्या. आणि आपलं कवच तर मजबूत. ही कारणं मी इतकी नीट मांडली की दादा म्हणाला, "वा. तू प्राध्यापक व्हायला हवा होतास." पण तळाशी दुसरंच होतं. मी हो म्हणालो असतो तर तो दुसऱ्या दिवशी जाऊन टोचून आला असता आणि सातचा फोन संपला असता. हे मी तेव्हा स्वतःशी बोललो नाही. पुष्कळ नंतर, कल्याणला रिक्षाच्या लायनीत उभा असताना, एकदम कळलं. लाईन सोडून चालत सुटलो होतो.

दादाच्या मुलाला, माझ्या पुतण्याला, तेव्हा इंग्लंडात नोकरीला लागून दोन वर्षं झालेली. तो मला मेसेज करायचा. "काका, बाबांना घ्यायला सांग. इथे त्यांच्या वयाच्या सगळ्यांना कधीच मिळाली." किंवा, "काका, ते माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील." प्रत्येक मेसेजला मी अंगठा दाखवायचो. वाचलं, असं त्याचा अर्थ मी धरला होता. त्याने काय धरला असेल ते उघड आहे.

एप्रिल लागला, पंचेचाळीसच्या वरच्यांना लस खुली झाली. मी एकोणपन्नासचा. ऑफिसने घोडबंदर रोडच्याच एका खाजगी रुग्णालयात व्यवस्था केली आणि यादीत नाव घालायचं का म्हणून फोन आला. मी लगेच हो म्हणालो. विचारसुद्धा केला नाही. गाठी आठवल्या नाहीत, चिली आठवलं नाही. आजूबाजूला अॅम्ब्युलन्सचे आवाज वाढले होते, दोन इमारती सोडून एक घर अख्खं भरती झालं होतं, आणि मला भीती वाटत होती. घरी सांगितलं, ऑफिसात जाऊन एक फाईल आणायचीय. स्कूटरवरून शिळफाटा, मुंब्रा बायपास करत गेलो. टोचून घेतलं, अर्धा तास खुर्चीवर बसलो, परत आलो.

संध्याकाळी ताप चढला. बायकोने कपाळाला हात लावला आणि शर्टाची बाही वर केली. दंडावर टिकलीसारखी गोल पट्टी चिकटवलेली.

"घेतलीत?"

"ऑफिसची सक्ती होती."

"मग दादांना सांगा की. त्यांना थांबवून ठेवलंयत ना तुम्ही?"

"सांगतो."

"आज सांगा."

"सांगतो म्हटलं ना!"

त्या संध्याकाळी सातला फोन आला तेव्हा मी अंगावर पांघरूण घेऊन पडलो होतो. दादाने विचारलं, "आवाज का बसलाय?" मी म्हणालो, एसीमुळे. मग फळ्यावर काय आहे ते सांगितलं.

सोसायटीत काय सांगणार होतो? खाली कवच लिहायचं आणि वर जाऊन बाही झाकायची. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर देश लिहिले ते उजव्याच हाताने, पण डावा हात जडावलेला होता आणि मास्तर मागे उभे होते आणि मला वाटत होतं त्यांना शर्टातून दिसतंय.

पाच दिवसांनी पाडवा. सकाळी नऊला दादाचा फोन, म्हणजे वेळ सोडून.

"अरे ऐक. शेजारचे निघालेत, महापालिकेच्या शाळेत टोकन मिळतंय म्हणे आज, गर्दी नाहीये. मला चल म्हणतायत. तुझी वहिनी म्हणते सणाच्या दिवशी ताप घेऊन झोपायचं नाही, उद्या जा. तू काय म्हणतोस? जाऊ का?"

त्याच्या आवाजात जायचं होतं. हे मी आज सांगू शकतो. चपला घालून उभा असेल तो. माझ्या दंडाची गाठ अजून दाबली तर दुखत होती. तेव्हा मी एवढंच म्हणायला हवं होतं की दादा, मी घेतलीय, तू जा. पाच शब्द. पण ते म्हटलं की महिनाभर काय सांगत होतो याचा हिशेब आला असता, आणि त्याने खोखो हसून "शहाण्या!" म्हटलं असतं. रागावला नसता. हसला असता. तेच मला नको होतं.

मी म्हणालो, "वहिनी म्हणतायत ते बरोबर आहे. आणि तसंही पंधरा दिवस थांबच. बाहेरची लस येतेय, बातमी आहे. मग चांगली बघून घे."

"नक्की?"

"नक्की."

"बरं, बरं. तू म्हणतोस तर थांबतो. श्रीखंड खा."

उद्याही गेला नाही, परवाही नाही. आठवड्याने ताप आला. त्यानंतरचं मी लिहीत नाही. ज्यांनी तो एप्रिल-मे पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. बेड मिळाला तो उशिरा मिळाला. अठरा दिवसांत संपलं. त्याने एकदाच लस घेतली असती तर वाचलाच असता, असं कुठला डॉक्टर लिहून देणार नाही. मी ते वाक्य पुष्कळ दिवस वापरलं, स्वतःसाठी. आता वापरत नाही.

पुतण्याला येता आलं नाही. तेराव्याला व्हिडिओ कॉल लावला. वहिनीला फोन नीट धरता येईना म्हणून तो मी धरला होता. पडद्यावर पुतण्या, दाढी वाढलेली. तो म्हणाला, "आई, पाडव्याला बाबा निघाले होते ना? शेजारच्या काकांनी सांगितलं मला. तू थांबवलंस. एका सणासाठी, आई?"

 वहिनीने फक्त मान हलवली, हो अशी. आणि मी फोन धरून उभा होतो. माझा हात हलला असणार, कारण तो म्हणाला, "काका, नीट धर, दिसत नाहीये."

मी नीट धरला.

त्यानंतरच्या पाडव्याला वहिनीच्या गॅलरीत गुढी नव्हती. वर्ष झालं नव्हतं, म्हणून नसेल, असं सगळ्यांनी मानलं. त्याच्या पुढच्याही नव्हती. मग कुणी विचारेनासं झालं. मायलेक बोलायचे रविवारी, पाच-सात मिनिटं. बरी आहेस, बरा आहे, थंडी आहे, गोळ्या घे. मी दर पंधरा दिवसांनी ठाण्याला जायचो. गॅसचं बघ, नळ बघ, बँकेत ने. तिच्या इमारतीतल्या बायका म्हणायच्या, दीर असावा तर असा.  हे ऐकून घरी आलो की बायकोशी कशावरून तरी भांडायचो. फळा मी मेमध्येच सोडला होता. मास्तरांच्या नातीकडे दिला.

आणि मग या वर्षी पुतण्याकडे गोड बातमी. सूनबाईंना सातवा लागलेला. त्याने आईला बोलावलं. वहिनी म्हणाली, नाही येणार. माझ्या बायकोने तासभर फोनवर समजावलं. वहिनी एकच म्हणत राहिली, "माझा हात नको तिथे. मी जाईन आणि परत काहीतरी सण-वार काढून बसेन. एकदा केलंय मी." शेवटी ठरलं की बाळंतविडा कुरिअरने पाठवायचा. डिंकाचे लाडू, झबली, टोपडी, बाळगुटीचा डबा, सगळं एका खोक्यात भरायचं आणि मी ते पोचतं करायचं.

मी गेलो तेव्हा दुपारचे दोन वाजलेले. वहिनी स्वयंपाकघरात डिंक तळत होती. खोका बाहेरच्या खोलीत जमिनीवर, अर्धा भरलेला, वर तिने हाताने शिवलेलं कुंचीचं निळं कापड. मी उकिडवा बसलो आणि चिकटपट्टीचं टोक शोधायला लागलो. सापडेना. नखाने खरवडत राहिलो. आतून वहिनी म्हणाली, "भावजी, पत्ता नीट लिहा हो. तिथे आपल्यासारखं विचारत येत नाहीत कुणी."

मी पेन काढलं आणि पत्ता लिहायच्या ऐवजी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"वहिनी, दादा तुमच्यामुळे थांबला नव्हता."

"झालं ते. आता कशाला?"

"नाही. माझ्यामुळे थांबला. पाडव्याला त्याने मला फोन केला होता. जाऊ का विचारायला. मी नको म्हणालो. महिनाभर मीच नको म्हणत होतो. आणि मी घेतली होती, पाच दिवस आधी. त्याला सांगितलं नाही."

तिने गॅस बंद केला. झारा कढईत तसाच. डिंक आत फुलत राहिला आणि करपला, वास आला, तरी तिने काढला नाही.

"फोन किती वाजता केला होता त्यांनी?"

"नऊ. नऊ वाजून गेले असतील."

"मी गॅलरीत गुढी बांधत होते." ती थांबली. "मी आत आले तर ते चपला काढत होते. मी म्हटलं, काय हो, नाही जात? तर म्हणाले, नाही, उद्या बघू. मला वाटलं माझं ऐकलं."

मी हातातल्या पेनाला टोपण लावलं.

"सदतीस वर्षांच्या संसारात त्यांनी कधी माझं ऐकलं नव्हतं, भावजी. एकदा ऐकलं, असं मला वाटत होतं. त्याच्यासाठी मी हे सगळं सोसलं. ऐकलं आणि गेले, पण ऐकलं." मग पदराने हात पुसत म्हणाली, "आता तेही तुमचंच."

हे मला सुचलं नव्हतं. इतकी वर्षं वाटत होतं की बोललो तर तिच्यावरचं ओझं उतरेल आणि माझ्यावर येईल, बस. तिच्याकडचं काही मी काढून घेईन, हे कधी मनातही आलं नव्हतं.

"आणि तेराव्याला तुम्ही फोन धरला होता," ती म्हणाली.

"हो."

"त्याने मला म्हटलं तेव्हा तुम्ही तिथे उभे होतात."

"हो, वहिनी."

"लाव." ती म्हणाली. "त्याला लाव फोन. आत्ता. माझ्यासमोर." लग्न होऊन आली तेव्हा मी हाफ पँटीत होतो, तेव्हापासून तिने मला तू म्हटलेलं नव्हतं.

तिकडे सकाळ होती. पुतण्याने उचलला, घाबरूनच. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. समोर आहे. मला तुला काहीतरी सांगायचंय." आणि मी सांगितलं. फोन स्पीकरवर होता. मध्ये एकदा मी युरोपचं कारण सांगायला लागलो, गाठींचं, तर वहिनी ओट्याला टेकून म्हणाली, "चिलीचं पण सांग. फळ्याचे आकडे मलाही ऐकवायचे ते. आणि ते कवच काय होतं तेही. सगळं सांग त्याला." मी सगळं सांगितलं. माझं बोलणं मलाच रिपोर्टसारखं ऐकू येत होतं, तरी थांबता येईना.

माझं संपलं. मागे केटलचा आवाज आला आणि बंद झाला.

"काका, मी तुला पाठवलेले मेसेज माझ्याकडे अजून आहेत," तो म्हणाला. "प्रत्येकाला तू अंगठा दिलायस. मला वाटायचं काका बोलतोय बाबांशी, बाबाच हट्टी. आणि नंतर वाटलं, आईच." मग म्हणाला, "चार वर्षं मी आईशी हवापाण्यावर बोलतोय, काका."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे!" तो म्हणाला. "आईला दे."

वहिनीने फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं. काचेतून तिची पाठ दिसत होती. मी खोलीत फिरत राहिलो. दादाच्या खुर्चीजवळून जायचो, वळायचो, खोक्याला पाय लागायचा. एकदा बसून चिकटपट्टी हातात घेतली, परत ठेवली. वीस मिनिटं झाली असतील. इतका वेळ ती दोघं कधी बोलली नव्हती, निदान माझ्यासमोर. तिची पाठ एकदा हलली, पण रडत होती की काय ते कळायला मार्ग नव्हता.

दार उघडून ती आली, माझा फोन माझ्या हातात दिला आणि सरळ ओट्यापाशी गेली. करपलेला डिंक कचऱ्यात ओतला. कढईत नवीन तूप घातलं.

"मी खोका भरून टाकू का?" मी विचारलं.

"राहू दे तो. तुम्ही निघा आता, भावजी." परत तुम्ही. माझ्याकडे न बघता.

मी घरी आलो आणि बायकोलाही पहिल्यापासून सांगितलं, पाडव्याच्या फोनसकट. ती ऐकून स्वयंपाकघरात गेली आणि भांडी लावत बसली. मग तिथूनच म्हणाली, "मला वाटलं होतं तुम्ही त्या दिवशी सांगितलंत त्यांना. मी विचारायला हवं होतं." म्हणजे तिलाही मी थोडं ओझं दिलंच.

वहिनी गेल्या आठवड्यात इंग्लंडला गेली. व्हिसाचे कागद तिने शेजारच्यांकडून करून घेतले, गरम कपडे माझ्या बायकोबरोबर जाऊन घेतले. विमानतळावर सोडायला येऊ का, असं मी बायकोकरवी विचारलं. उत्तर आलं, गाडी सांगितलीय. तीन महिन्यांत ती माझ्याशी बोललेली नाही आणि गॅस, नळ, बँक या कशालाही मला बोलावलेलं नाही. शनिवारी हात मोकळे असले की मी चावी घेऊन दारापर्यंत जातो आणि मग आठवतं.

काल बायकोच्या फोनवर फोटो आला. मुलगी झालीय. वहिनीच्या मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली, आणि मागे पुतण्या आईच्या खांद्यावर हात ठेवून उभा. बायकोने मला दाखवला. मी दोन बोटांनी मोठा करून बघितला, आधी बाळ, मग वहिनी, मग त्याचा तो खांद्यावरचा हात. परत बाळ.

"अहो, द्या आता," बायको म्हणाली. "मला उत्तर लिहायचंय."

"काय लिहिणार?"

"अभिनंदन लिहिते. दुसरं काय?"

"माझ्याकडून पण लिही."

तिने फोन घेतला. थोडा वेळ अंगठा नुसता वर धरून थांबली. मग तिने लिहिलं आणि पाठवलं. माझ्याकडून लिहिलं की नाही, ते मी विचारलं नाही.